छोटी गाडी, मीटरगेज आणि जुन्या नोंदींचा ताळमेळ

संपादक मंडळाने यंदा मला सांगून टाकले की काका, सोसायटीच्या हिशेबावर लिहायचे नाही, दुसरे काहीतरी लिहा. ठीक आहे. मग मी रेल्वेवर लिहितो. आपल्या वसाहतीत रेल्वेशी नाते नाही अशी घरे मोजकीच निघतील. कुणाचे आजोबा गँगमन होते, कुणाचे वडील पूर्णेच्या लोको शेडमध्ये फायरमन, कुणी बुकिंग क्लार्क. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो तरी आपण शेवटी स्टेशनाकडेच वळतो.

पण खरे तर मला रेल्वेपेक्षा, रेल्वेचा इतिहास गोळा करणाऱ्या हौशी लोकांबद्दल सांगायचे आहे. ही एक वेगळीच जमात आहे. देशातल्या ब्रॉडगेजवरून वाफेच्या गाड्या डिसेंबर १९९५ मध्ये गेल्या. तरी ही मंडळी अजून शोधत बसलेली असतात की अमुक इंजिन कोणत्या कारखान्यात बनले, कोणत्या लाइनवर धावले, भंगारात कधी निघाले. पगार नाही, भत्ता नाही, पेन्शन तर नाहीच. शाळामास्तर, कारकून, डॉक्टर असे लोक हे काम करतात. लंडनमध्ये १८९९ साली रेल्वे क्लब निघाला होता. १९५१ मध्ये वेल्समधली टॅलिलिन नावाची बंद पडायला आलेली डोंगरातली छोटी रेल्वे हौशी लोकांनीच चालवायला घेतली, ती आजही चालू आहे. आपल्याकडच्या इंजिनांचे सर्वात मोठे काम ह्यू ह्यूज नावाच्या इंग्रज गृहस्थांनी केले. १९९० पासून पुढे त्यांचे चार भाग निघाले: ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज आणि १९४१ नंतरची इंजिने.

लातूरच्या एका ओळखीच्या रेल्वे इंजिनिअरांकडे मी त्यातला नॅरोगेजचा भाग पाहिला. पहिल्यांदा वाटले, हे पुस्तक आहे की लेजर? पानोपान रकाने. बनवणारी कंपनी, कारखाना क्रमांक, साल, चाकांची रचना. गोष्ट म्हणून काहीच नाही. पण बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला लेजर वाचता येते. रकाने नीट लावले की माणसे दिसायला लागतात.

उदाहरण म्हणून आपल्या शेजारच्या लातूरचीच छोटी गाडी घ्या, म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुख्य लाइन बार्शीला सोडून गेलेली. बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, गावापासून वीस-एकवीस मैलांवर. कापूस आणि धान्याचा एवढा मोठा बाजार, पण सगळा माल बैलगाड्यांनी जायचा. कॅलथ्रॉपने हिशेब मांडला की इथे अडीच फुटी रुळांची हलकी रेल्वे पोट भरेल. १८९५ मध्ये कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये गाडी सुरू झाली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. एकूण २०२ मैल. गंमत बघा, बार्शी इंग्रजी मुलखात आणि लातूर निजामाच्या. एकाच गाडीत बसून माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात उतरायचा.

हौशी लोक या माणसाच्या प्रेमात का पडतात, तर त्याच्या एका साध्या हिशेबामुळे. रूळ किती जाड लागणार हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही, एका आसावर किती भार पडतो त्यावर ठरते. कॅलथ्रॉपने नियम केला की इंजिन असो, डबा असो की वाघीण, एका आसावर पाच टनांच्या वर भार नको. त्यामुळे यार्डाला ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरला, खर्च उतरला, आणि तरीही माल भरपूर वाहता आला. लीड्सच्या किटसन कंपनीने त्याला टाकीवाली इंजिने बनवून दिली, जोडलेली आठ चाके आणि मागे आणखी चार. ती बोटीवर चढवण्याआधी १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून त्याने सगळ्यांना गाडी चालवून दाखवली. तोपर्यंत अडीच फुटी रेल्वे म्हणजे खेळणे असाच समज होता. हेच गृहस्थ पुढे विमानातून उडी मारायचे पॅराशूट बनवण्याच्या मागे लागले, ती कथा वेगळी.

१९७६ च्या सुमारास माझी बदली लातूरला होती. कुर्डुवाडीला जायचे तर छोटी गाडी. नंतरच्या काळातली एफ वर्गाची टेंडरवाली इंजिने तेव्हा होती. खिडकीत बसलेल्याच्या सदऱ्यावर कोळशाची काजळी ठरलेली. 'चालत्या गाडीतून उतरायचे, शेतातला हरभरा उपटायचा आणि पुन्हा मागच्या डब्यात चढायचे' हा किस्सा तिथे प्रत्येकजण स्वतःचा म्हणून सांगे. नंतर मूर्तिजापूरकडच्या एका सहकाऱ्याने तोच किस्सा शकुंतलेबद्दल सांगितला, फक्त हरभऱ्याच्या जागी बोरे. म्हणून किस्से ऐकावेत जरूर, पण इतिहासात घालताना चाळून घ्यावेत. शकुंतलेचे मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेले इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत कामावर होते, ही नोंद मला त्या बोरांपेक्षा जास्त गोड वाटते.

बार्शी लाइट १९५४ मध्ये सरकारने विकत घेतली. पुढे २००७-०८ मध्ये लातूर ते कुर्डुवाडी ब्रॉडगेज झाली आणि गाडी उस्मानाबाद शहरावरून जाऊ लागली. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने व्याकूळ झाले तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, हे सर्वांना आठवत असेल. ती मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशीच आली. वळणे थोडी बदलली असतील, पण १९२७ ला मिरजेपर्यंत पोचलेली कॅलथ्रॉपची वाट होती म्हणून ते पाणी लातूरला आले. टीव्हीवर एकानेही हे सांगितले नाही.

आता हे लोक काम कसे करतात ते सांगतो, कारण ते आमच्या धंद्याच्या जवळचे आहे. बँकेत आंतरशाखा ताळमेळ असायचा. एका शाखेने पैसे पाठवल्याची नोंद केली की दुसऱ्या शाखेत ते मिळाल्याची नोंद सापडलीच पाहिजे. नाही सापडली तर शोधा. इथेही तसेच. कारखान्याच्या ऑर्डर बुकात इंजिन रवाना झाल्याची नोंद असते, रेल्वेच्या वार्षिक अहवालात आल्याची. दोन्ही जुळली की एक टिकमार्क. पण इंजिनांचे नंबर बदलत राहतात. आपल्याकडच्या मीटरगेजच्या इंजिनाला आधी निजामाच्या रेल्वेचा नंबर, १९५१ नंतर मध्य रेल्वेचा, १९५७ मध्ये अखिल भारतीय क्रमांक आले तेव्हा तिसरा. बॉयलरसुद्धा या इंजिनाचा काढून त्याला लावलेला असतो. बदलत नाही तो कारखान्याच्या पाटीवरचा क्रमांक. म्हणून जुन्या फोटोत ती पाटी वाचता आली की हे लोक लॉटरी लागल्यासारखे खूश होतात.

तारखांचेही असेच. रेल्वे बोर्ड पूर्वी अधूनमधून एक जाडजूड पुस्तक काढत असे, त्यात देशातल्या प्रत्येक लाइनचा प्रत्येक तुकडा कधी उघडला आणि किती मैलांचा, हे दिलेले असे. पण उघडला म्हणजे काय? आधी खडीची गाडी चालते, मग मालगाडी, मग पॅसेंजर, आणि साहेबाच्या हस्ते फीत कापणे आणखी वेगळ्या दिवशी. हसू नका. आपल्याच सोसायटीच्या पंचवीस वर्षांची तारीख ठरवताना मागच्या सभेत काय झाले ते आठवा. नोंदणीची तारीख एक, भूमिपूजनाची दुसरी, पहिले बिऱ्हाड राहायला आले ती तिसरी, आणि दीड तास भांडण. आपण सगळे हयात असून ही स्थिती, तर शंभर वर्षांपूर्वीच्या लाइनचे काय?

आपल्या भागात यात आणखी दोन गाठी आहेत. पहिली फसली सालाची. निजामाच्या दप्तरात साल फसली असायचे. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने एका फसली सालाला दोन इसवी साले लागतात. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. स्टेशनाचे गाव असलेल्या उमरीच्या बँकेवर मुक्तिसंग्रामातल्या लोकांनी छापा घातला तो ३० जानेवारी १९४८ ला, म्हणजे फसली १३५७ मध्येच. दुसरी गाठ पैशाची. निजामाचा रुपया हाली आणि इंग्रजांचा कलदार. साधारण सात हाली म्हणजे सहा कलदार. कागदावर नुसते 'रुपये' लिहिले असतील आणि कोणते ते पाहिले नाही, तर बांधकामाचा खर्च सहाव्या हिश्श्याने फुगतो किंवा सातव्या हिश्श्याने घटतो. हे मला पटकन समजले, कारण आमचे वडील म्हातारपणीसुद्धा 'कलदार दिले' असेच म्हणत.

निजामाच्या रेल्वेची हकीकत थोडक्यात अशी. वाडी ते हैदराबाद ब्रॉडगेज १८७४ मध्ये आली. हैदराबादहून नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडला जाणारी गोदावरी खोऱ्याची मीटरगेज १९०० च्या आसपास. कारभार लंडनच्या कंपनीचा आणि तिच्या भांडवलावरच्या व्याजाची हमी निजामाच्या खजिन्याची. म्हणजे गाडी रिकामी धावली तरी साहेबाचे व्याज चुकत नव्हते, असे कर्जदार आम्हाला कधी मिळाले नाहीत. १ एप्रिल १९३० ला सरकारने ती रेल्वे स्वतःकडे घेतली. १९३२ मध्ये याच रेल्वेने २७ बसगाड्या रस्त्यावर आणल्या. मुदखेडहून फुटून भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट करत आदिलाबादला जाणारा आपला फाटा याच मीटरगेजच्या पोटातला. वाढोण्याचे हिमायतनगर झाले तेही निजामाच्या राज्यात. शेवटच्या निजामाच्या थोरल्या शहजाद्याचे नाव हिमायत अली खान. किनवटचे सागवान आणि आदिलाबादकडचा कापूस घेऊन जाणाऱ्या मालगाड्या माझ्या वयाच्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

आता एक गोष्ट बघा. कंपनी लंडनला, मग सिकंदराबाद, ५ नोव्हेंबर १९५१ पासून मध्य रेल्वे म्हणून मुंबई, २ ऑक्टोबर १९६६ पासून दक्षिण मध्य म्हणून परत सिकंदराबाद, आणि २००३ पासून नांदेड विभाग. प्रत्येक बदलीत कागद हलतात, आणि हललेले कागद कमी होतात, हे शाखा बदललेल्या कोणत्याही मॅनेजरला विचारा. मी एका कार्यालयात जुन्या स्टेशन डायऱ्यांची चौकशी केली तर मुदत संपली म्हणून केव्हाच रद्दीत गेल्या असे उत्तर मिळाले. नियमाने बरोबर आहे, त्यांना दोष काय देणार. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत वार्षिक अहवाल जपून ठेवलेले आहेत. त्यात इंजिने आहेत, मैल आहेत, उत्पन्न आहे. पूर्णेच्या शेडमध्ये भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस त्यात नाही. तो कुठे असेल तर तुमच्या-आमच्या ट्रंकेत. आपल्या फाट्याबद्दल मराठीत लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही, आणि ज्यांनी वाफेवर काम केले त्यातले बहुतेक आता ऐंशीच्या पुढे आहेत.

म्हणून गेल्या वर्षापासून मी थोडे काम सुरू केले. आतापर्यंत आलेला माल फार नाही. मागच्या गल्लीतल्या एका आजींनी सासऱ्यांचा पितळी बिल्ला आणि नियमांचे पुस्तक दाखवले. पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर सासऱ्यांनी कोळशाच्या टोपल्या मांडून ठेवल्या आहेत, रोजच्या, तारीखवार. शेजारच्या एका शेतकरी कुटुंबाकडून उर्दू कागद आला. तो निवृत्त उर्दू मास्तरांनी वाचून दिला. रेल्वेत गेलेल्या जमिनीच्या पट्टीचा उल्लेख आहे, एकर-गुंठे आहेत, रक्कम आहे आणि ती हाली असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे एका बाजूची नोंद मिळाली. दुसऱ्या बाजूची हैदराबादला तारनाक्याच्या राज्य अभिलेखागारात बघायची आहे. दिवाळीनंतर मुलीकडे जाणार आहे, तेव्हा मास्तरांनाही सोबत नेतो. त्याआधी कुणाकडे फसली सालाचा कागद, पास, पगाराची चिठ्ठी किंवा इंजिनासमोरचा फोटो असेल तर रविवारी सकाळी आणून दाखवावा. मी मोबाइलवर फोटो काढून कागद जागच्या जागी परत देतो. पाटीवरचा नंबर दिसत असेल असा फोटो आधी.