खापराचें रेखाचित्र

प्राचीन इतिहास म्हटला म्हणजे ताम्रपट, नाणीं आणि राजवंशांच्या याद्या एवढेंच आमच्या वऱ्हाडांतील सुशिक्षित घरांत बहुधा आठवतें. परंतु जुन्या पांढरीच्या पोटांतून सर्वांत अधिक निघतें तें फुटकें खापर. आणि त्यास बोलतें करण्याचें काम शिसपेन्सिल करते, हें थोड्यांसच ठाऊक असतें.

रुक्मिणीचें माहेर म्हणून प्रसिद्ध असलेल्या, वर्धेच्या कांठच्या कौंडिण्यपुरीं डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनीं उत्खनन केलें. त्याचा अहवाल १९६८ सालीं प्रसिद्ध झाला. अमरावती जिल्ह्यांतच तुळजापूर गढी येथें १९८४-८५ मध्यें भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानें खणलें, तेव्हां सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींचीं, तांबड्या अंगावर काळ्या रेषा असलेलीं जोर्वे पद्धतीचीं भांडीं मिळालीं.

अशा अहवालांतील चित्रांचीं पानें वाचक न थांबतां उलटतो. वस्तुतः तीं वाचण्याची रीत सोपी आहे. मध्यें एक उभी रेषा असते. तिच्या डावीकडे, भांडें उभें कापलें असतां भिंत जशी दिसेल तशी जाडी दाखवितात. उजवीकडे बाहेरचें अंग. तुकडा बोटभर असला, तरी त्याचा कांठ समकेंद्र वर्तुळांच्या कागदावर धरून तोंडाचा व्यास ठरवितां येतो. चाकावरचें भांडें चहूंकडून सारखें, म्हणून एवढ्यावरून त्याच्या तोंडाची संपूर्ण घडण उभी राहते. छायाचित्र पृष्ठभाग दाखवील. भिंतीची जाडी दाखविणार नाहीं.

कोरियांतील जोसोन काळचा पांढरा चंद्रघट दोन अर्धगोल जोडून घडवीत. त्यामुळें तो किंचित् वांकडा राही, आणि त्या वांकडेपणांतच रसिक त्याची शोभा पाहतात. आमच्या खापरांस असे रसिक लाभले नाहींत. त्यांस आरेखक लाभला. कुंभाराचा अंगठा कोठें दाबला गेला, कांठ कोठें बाहेर वळला, हें त्यास रेषेनें अनुसरावें लागतें. कांठाच्या वळणावरून काळ ठरत असल्यामुळें रेषा चुकली तर इतिहासही चुकतो. त्या कुंभाराचें नांव कोणत्याही ताम्रपटांत नाहीं. त्याच्या हाताची उरलेली खूण ती हीच.

उन्हाळ्यांत अमरावती-अकोल्याच्या बाजारांत माठ आजही मांडले जातात. परंतु दुधादह्याचीं व धान्याचीं मातीचीं भांडीं बहुतेक घरांतून गेलीं. ज्या घरीं आजीच्या वेळचें एखादें मडकें उरलें असेल, तेथील मुलांनीं तें याच रीतीनें कागदावर उतरवावें, अशी आमची सूचना आहे. प्राचीन खापरास जो मान मिळाला, तो कालच्या मडक्यास मिळूं नये, असें कोणतेंही शास्त्र सांगत नाहीं.