उत्तराची जागा : गेय उपहास, श्रोता आणि दुखावलेपण

१

गोंदिया जिल्ह्यातील देवरी हे नागपूर–रायपूर महामार्गावरील, छत्तीसगडच्या सीमेलगतचे तालुक्याचे ठिकाण. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तरी लोककलेच्या नकाशावर हा मुलूख झाडीपट्टीचाच राहिला. मराठी आणि झाडीबोलीच्या जोडीला गोंडी, छत्तीसगढी, हिंदी अशा भाषा येथे एकाच बाजारात ऐकू येतात. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईत दंडार, खडी गंमत आणि झाडीपट्टीचे नाटक यांना मानाचे स्थान असते. गाण्यातून केलेला उपहास आणि त्याने दुखावला जाणारा श्रोता या प्रश्नाचा विचार शहरी मनोरंजनाच्या अनुषंगाने होतो. परंतु त्याचे एक जुने आणि अधिक प्रगल्भ रूप या मंडईत आढळते. म्हणून विवेचनाचा आरंभ येथून करणे इष्ट ठरेल.

खडी गंमत हे तमाशाचे वैदर्भीय भावंड. शाहीर, सोंगाड्या, स्त्रीवेष घेतलेला नाच्या आणि मागे धरणारे साथीदार एवढ्यांवर ती उभी राहते. तिचा एक प्रकार ‘दुय्यम’ म्हणून ओळखला जातो. त्यात दोन शाहिरांचे फड समोरासमोर येतात. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच श्रोत्यांसमोर गाण्यातूनच जबाब द्यायचा. कलगी-तुऱ्याच्या परंपरेतून आलेल्या या झगड्यात प्रतिपक्षाच्या ज्ञानाची, गळ्याची आणि प्रसंगी चारित्र्याचीही टर उडवली जाते. ती झोंबते, झोंबावी अशीच अपेक्षा असते. मात्र ज्याची टर उडाली, त्याची पाळी लगेच पुढे असते. उपहासाचे लक्ष्य येथे प्रत्यक्ष हजर असते आणि उत्तर देण्याची जागा त्याच्यासाठी कलाप्रकाराच्या घडणीतच राखून ठेवलेली असते.

गेय उपहासाने कोणी किती दुखावले जावे, हे शब्दांच्या तीव्रतेइतकेच या ‘उत्तराच्या जागे’वर अवलंबून असते. ही जागा जसजशी आक्रसत गेली, तसतशी दुखावलेपणाची दखल श्रोत्यांच्या हातून निसटून संस्थांच्या, म्हणजे पोलीस, नभोवाणी, महानगरपालिका आणि न्यायालय यांच्या हाती गेली. या स्थित्यंतराचा स्थूल इतिहास पुढे मांडला आहे.

२

भारतीय काव्यशास्त्राने हास्याचा विचार बारकाईने केला. नाट्यशास्त्रात स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा भेद येतात आणि ते उत्तम, मध्यम व अधम प्रकृतींमध्ये दोन-दोन असे वाटले जातात. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे वर्गीकरण हसणाऱ्याच्या प्रकृतीवरून झालेले आहे. ज्याला हसले जाते त्याच्यासाठी या व्यवस्थेत स्वतंत्र कोटी नाही. आधुनिक पाश्चात्त्य समीक्षेत लिंडा हचिऑन यांनी १९८५ साली विडंबन आणि उपहास यांत केलेला भेद या जागी उपयोगी पडतो. विडंबनाचे लक्ष्य दुसरी कलाकृती असते, उपहासाचे लक्ष्य कलेबाहेरील समाज असतो. आचार्य अत्रे यांच्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहाचा रोख समकालीन कवींच्या कवितेवर होता, म्हणून ते मुख्यतः विडंबन होय. त्याचे उत्तर कवितेने किंवा समीक्षेने देता येत होते. तो वाङ्मयाच्या अंगणातला वाद राहिला. लोकप्रिय चालीवर नवे शब्द बसवून सत्ताधाऱ्याला लक्ष्य करणारे गाणे मात्र चाल उसनी घेते आणि बाण दुसरीकडे सोडते. चाल श्रोत्याच्या तोंडी आधीच बसलेली असल्याने ऐकणारा नकळत गाणारा होतो. गद्य टीकेपेक्षा गाणे अधिक झोंबते याचे एक कारण हे असावे. ते गाणाऱ्या समुदायाची संख्या लक्ष्याला मोजता येत नाही.

३

उत्तराच्या जागेवरील पहिले आक्रमण लिखित संहितेच्या आग्रहातून झाले. वसाहतकालीन शासनाने १८७६ साली नाट्यप्रयोग नियंत्रण कायदा केला. बदनामीकारक, राजद्रोही वा अश्लील प्रयोगास मनाई करण्याचा अधिकार त्याने प्रशासनाला दिला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. पुढे ती उठली, परंतु संहितेच्या पूर्वतपासणीची अट राहिली. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकालाही सरकारी बंदीला तोंड द्यावे लागले. या दोन बंदींची कारणे भिन्न होती, एक अभिरुचीचे आणि दुसरे राजकारणाचे. परंतु दोहोंत शासनाला एकच गोष्ट अस्वस्थ करीत होती. बतावणी आणि सवाल-जबाब आयत्या वेळी घडतात. ते आधी वाचता येत नाहीत. आधी वाचता येईल असा तमाशा हवा असेल तर उत्स्फूर्त जबाब काढून टाकावा लागतो.

येथे प्रादेशिक भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत भंडारा जिल्हा, आणि त्यात देवरीही, मध्यप्रांत-वऱ्हाड व नंतरच्या मध्य प्रदेश राज्यात होता. मुंबई राज्याच्या तमाशाविषयक निर्णयांचा इतिहास म्हणजे संपूर्ण मराठी लोकरंगभूमीचा इतिहास, असे गृहीत धरण्याची सवय या साध्या तपशिलाने मोडते. झाडीपट्टी द्वैभाषिक मुंबई राज्यात आली ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी. तोवर मुंबईच्या बोर्डांवर झालेल्या सुधारणांची झळ तिच्यापर्यंत त्या वाटेने पोचण्याचे कारण नव्हते.

४

दुसरे आक्रमण सौम्य होते आणि म्हणूनच अधिक परिणामकारक ठरले. १६ जुलै १९४८ रोजी नागपूर आकाशवाणी केंद्र सुरू झाले. १९६३ साली रायपूरला केंद्र निघाले. सीमेवरच्या श्रोत्याला दोन भाषांतील नभोवाणी उपलब्ध झाली. शाहीर ध्वनिक्षेपकासमोर आला, पण त्याचा प्रतिस्पर्धी आणि त्याचे श्रोते स्टुडिओबाहेर राहिले. दुय्यम गंमतीतले गाणे वाद्यांसह ध्वनिमुद्रित करता येते; त्याच्या मागोमाग गर्दीतून उठणारी ललकारी आणि समोरच्या फडाचा जबाब मात्र ठरावीक मिनिटांच्या कार्यक्रमात मावत नाही.

आकाशवाणीच्या प्रसारणसंहितेने मित्रराष्ट्रांवरील टीका, धर्म वा समाजगटांवरील हल्ला, अश्लील व बदनामीकारक मजकूर, राजकीय पक्षावर नाव घेऊन केलेला हल्ला, तसेच केंद्र वा राज्य शासनावरील वैरभावी टीका निषिद्ध ठरवली. या यादीतील काही कलमे समंजस आहेत. परंतु दुखावलेपणाची कल्पना येथे मूलतः पालटते. श्रोता दुखावण्याआधीच तो दुखावेल असे गृहीत धरून निर्णय घेतला जातो. आक्षेप घेणारा माणूस अदृश्य होतो आणि त्याच्या जागी अनुमानित श्रोता येतो.

या मर्यादेत मराठी नभोवाणीने उत्तम विनोद निर्माण केला, हे नाकारता येणार नाही. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांच्या आवाजांनी टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत ही पात्रे घरोघरी पोचवणारी आकाशवाणी मुंबईची ‘पुन्हा प्रपंच’ ही मालिका त्याचे ठळक उदाहरण. तिच्या निष्ठावंत श्रोत्याला आपल्याच घरातील विसंगती ऐकू येत असे. उपहासाचे लक्ष्य मध्यमवर्गीय कुटुंब होते, श्रोताही तेच. उत्तराची गरज भासू नये अशी ही रचना होती. मंडईतील सोंगाड्या सत्तावानाला जे ऐकवू शकत होता, ते ऐकवण्याची सोय मात्र तिच्यात नव्हती.

५

खासगी एफ.एम. वाहिन्यांनाही परवान्याच्या अटींनुसार आकाशवाणीची संहिता पाळावी लागते. या पार्श्वभूमीवर जुलै २०१७ मधील मुंबईतील प्रकरण अभ्यासनीय ठरते. रेड एफ.एम.च्या निवेदिका मलिष्का यांनी त्या वेळी सर्वत्र गाजत असलेल्या ‘सोनू’च्या गाण्याच्या चालीवर मुंबईतील खड्डे आणि तुंबणारे पाणी यांवरून महानगरपालिकेची खिल्ली उडवणारे गाणे केले. ते चित्रफितीच्या रूपाने रेडिओच्या कक्षेबाहेर पसरले. पालिकेत सत्तेवर असलेल्या शिवसेनेच्या नगरसेवकांनी पाचशे कोटी रुपयांच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याची मागणी केली. पाठोपाठ निवेदिकेच्या कुटुंबाच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस पालिकेच्या आरोग्य विभागाने बजावली. याच काळात शिवसेनेच्या बाजूने त्याच चालीवर उत्तरगाणेही आले.

श्रोत्यांत आणि वृत्तपत्रांत जो वाद झाला त्याचा मुख्य प्रश्न ‘गाणे उपहास की बदनामी’ असा होता. परंतु या प्रकरणात दिसलेले दोन प्रतिसाद एकमेकांपासून वेगळे काढले तर अधिक उलगडा होतो. उत्तरगाणे हा दुय्यम गंमतीतला जबाब होता. त्याची काव्यगुणवत्ता काहीही असो, त्याने दुखावल्याची कबुली दिली आणि निर्णय श्रोत्यांवर सोपवला. नोटीस हा जबाब नव्हे. तिचा विषयच गाण्याहून भिन्न असल्याने तिला गाण्याने उत्तर देता येत नाही. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा यांच्या विनोदी कार्यक्रमातील गाण्याने हाच आकृतिबंध अधिक उग्र रूपात समोर आणला. ‘दिल तो पागल है’ या १९९७ च्या चित्रपटातील चालीवर तत्कालीन उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांना नाव न घेता लक्ष्य केल्यावर कार्यक्रमस्थळाची मोडतोड झाली, गुन्हा नोंदवला गेला आणि महानगरपालिकेने त्या जागेतील बांधकामावर हातोडा चालवला. ज्याच्यापाशी राज्यभर ऐकू जाईल असा आवाज आहे, त्याला उत्तराची जागा नव्हती असे म्हणता येत नाही. ती वापरली गेली नाही.

६

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो आणि तो टाळून चालणार नाही. गंमतीचा फड हा समतेचा दरबार नव्हता. नाच्याच्या रूपाने स्त्रीची टवाळी पुरुषच करीत आणि ज्या स्त्रिया प्रेक्षकांत असत वा नसत, त्यांना जबाबाची पाळी नव्हती. जातीवरून होणाऱ्या विनोदाचे लक्ष्य ठरलेल्या माणसाने रिंगणात उतरून उत्तर द्यावे, ही अपेक्षा गावगाड्यात निरर्थक होती. उत्तराची जागा रूपबंधात असते, परंतु ती कोणाला मिळते हे समाजरचना ठरवते. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे भीमराव कर्डक प्रभृतींच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचाच साचा घेऊन जे केले, त्याचे महत्त्व यात आहे. ज्यांच्याकडे बघून पिढ्यान्‌पिढ्या हसले गेले, त्यांनी स्वतःचा फड उभारून जबाबाची पाळी मिळवली. त्या जलशांनी दुखावलेल्या उच्चवर्णीयांचे दुखावलेपण आणि खेड्यातील स्पृश्यांच्या विनोदाने दुखावलेल्या अस्पृश्याचे दुखावलेपण एका मापाने मोजणे म्हणूनच अन्यायाचे ठरते.

देवरीच्या पूर्वेला, सीमेपलीकडे, हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा झाला. छत्तीसगढी ‘नाचा’च्या कलावंतांना घेऊन हबीब तन्वीर यांनी १९७५ च्या सुमारास ‘चरणदास चोर’ उभे केले. सतनामी समाजाच्या पंथी गीतांचा त्यात वापर होता. तीन दशकांहून अधिक काळ ते रंगमंचावर गाजले. तन्वीर यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत, २००९ साली, सतनामी धर्मगुरूंच्या आक्षेपावरून छत्तीसगड शासनाने त्याच्या पुस्तकावर बंदी घातली. येथे आक्षेप घेणारा समाज स्वतः जातिव्यवस्थेने दडपलेला आहे. त्याचे म्हणणे सत्ताधाऱ्याच्या तक्रारीसारखे झटकून टाकता येत नाही. तथापि बंदी आली ती छापील पुस्तकावर, हे सूचक आहे. प्रयोगात समुदाय समोर असतो, कुजबुजतो, उठून जातो, भांडतो, आणि पुढच्या प्रयोगात त्याची नोंद घेता येते. पुस्तकाशी असे भांडता येत नाही. शासनाने सतनामींना उत्तराची जागा दिली असती, तर त्यांचे म्हणणे काय होते हे आज अधिक स्पष्टपणे माहीत असते. बंदीने पुस्तक गेले आणि त्यावरचा त्यांचा वादही अर्धवट राहिला.

७

या इतिहासातून मराठी समीक्षेच्या साधनसामग्रीविषयी एक अडचण पुढे येते. उपहासाचा इतिहास प्रायः तक्रारींच्या कागदांवरून लिहिला जातो : बंदीहुकूम, परिनिरीक्षणातील खोडलेल्या ओळी, फिर्यादी, निकालपत्रे. ज्या गाण्याला गाण्यानेच जबाब मिळाला आणि प्रकरण पहाटेपर्यंत मिटले, त्याचा कागद झालाच नाही. परिणामी मराठी श्रोता मूळचाच हळवा आणि असहिष्णू असल्याचा समज या साधनांतून सहज निघतो. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी झाडीबोली आणि दंडारीवर केलेल्या कामामुळे संहितांचे जतन सुरू झाले. परशुराम खुणे यांना २०२३ साली मिळालेल्या पद्मश्रीने झाडीपट्टीच्या विनोदी नटाला राष्ट्रीय मान्यताही लाभली. यापुढील संकलनात शाहिराच्या गाण्याबरोबर त्याला मिळालेला जबाब, श्रोत्यांनी कोणत्या ओळीवर ललकारी दिली आणि कोणत्या ओळीवर मौन पाळले, हेही नोंदवले गेले पाहिजे. अन्यथा उपहासाविषयीचा आपला सिद्धान्त न्यायालयापर्यंत पोचलेल्या थोड्या गाण्यांवरच उभा राहील आणि मंडईत रात्रभर गायिलेली, ऐकलेली, उलट गाऊन परतवलेली असंख्य गाणी त्याच्या बाहेर राहतील.