मोजक्या क्ष-किरण चित्रांतून क्षयाचा शोध
क्षयरोग ओळखण्यास संगणकाला शिकवायचे, तर तज्ज्ञांनी तपासलेली असंख्य क्ष-किरण चित्रे लागतात. २०१४ साली संशोधकांसाठी खुले झालेले दोन संग्रह मात्र लहानच होते : अमेरिकेतील मेरीलँडची १३८ आणि चीनमधील शेन्झेनची ६६२ चित्रे. यावरील उपाय म्हणजे हस्तांतरित शिक्षण. संगणक आधी लाखो सर्वसाधारण छायाचित्रांतून कडा, आकार व पोत ओळखण्यास शिकतो. मग थोड्या वैद्यकीय चित्रांवर त्याची तयारी करून घेतात.

पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या क्षयचाचणीत तज्ज्ञाऐवजी संगणकाने चित्र वाचण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. तथापि, परमुलखातील चित्रांवर घडलेली ही नजर परळ-लालबागमध्ये फसू शकते. बऱ्या झालेल्या क्षयाचे जुने व्रणही तिला नवा आजार भासतात. म्हणूनच शिवडीचे क्षयरोग रुग्णालय, परळचे केईएम अशा ठिकाणच्या, निदान पक्के झालेल्या रुग्णांच्या चित्रांवर ती आधी पारखून घेणे अगत्याचे ठरते. संगणकाने केवळ संशय व्यक्त करावा. शिक्कामोर्तब थुंकीच्या तपासणीनेच व्हावे.