व्हेंटिलेटर (मराठी चित्रपट)

राजेश मापुसकर यांनी दिग्दर्शित केलेला आणि प्रियांका चोप्रा यांच्या पर्पल पेबल पिक्चर्स या संस्थेने निर्मिलेला चित्रपट. प्रदर्शन ४ नोव्हेंबर २०१६. कामेरकर घराण्यातील ज्येष्ठ पुरुष गजूकाका ऐन गणेशोत्सवाच्या तोंडावर मरणासन्न होऊन मुंबईच्या रुग्णालयात कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवले जातात, आणि एरवी पांगलेले भाऊबंद कोकणातून व मुंबईतून त्या दारी गोळा होतात, एवढेच कथानक.

यातील मृत्यूच्या छायेतला विनोद कळण्यास कोकणची सुतकाची रीत ठाऊक असावी लागते. रायगडच्या पायथ्याशी जिजाबाईंच्या समाधीमुळे सर्वश्रुत असलेल्या पाचाडात, किंवा महाड-पोलादपूरच्या ज्या वाड्यांवरून कर्त्या पुरुषांनी पोटासाठी मुंबई गाठल्यास पिढ्या लोटल्या तेथे, भावाभावांच्या चुली वेगळ्या होतात, सातबाऱ्यावरील हिश्शांचे तंटे कचेरीत जातात, आणि तरीही गणपती पुष्कळदा मूळ घरातच, सर्वांचा मिळून एक बसतो. सुतक तर अबोला मुळीच जाणत नाही: ज्या भावाच्या ओटीवर वर्षानुवर्षे पाऊल टाकलेले नाही, तो गेला तरी दहा दिवस देवपूजा बंद राहते, आणि त्या दिवसांत चतुर्थी आली, तर गणपतीच्या शाळेत पाट देऊन ठेवलेला असो की मखर बांधून झालेले असो, मूर्ती घरी येत नाही. म्हणूनच काका चतुर्थीपर्यंत टिकतील की नाही, या नातेवाइकांच्या पृच्छेत माया आणि सोय एकमेकींपासून निवडता येत नाहीत, आणि मापुसकरांनी ती निवडण्याचा अट्टहास केला नाही, हा त्यांचा मोठा गुण होय.

पात्रांची दाटी इतकी आहे की काही नाती ओळखीपुरतीच उरतात. चित्रपटाचा खरा गाभा मात्र प्रसन्न आणि त्याचे वडील यांच्यातील दुराव्यात आहे. जितेंद्र जोशी व सतीश आळेकर यांनी तो फार संयमाने उभा केला आहे. चित्रपट-दिग्दर्शक असलेल्या राजाची भूमिका आशुतोष गोवारीकर यांची.

चौसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा मान मापुसकरांना मिळाला, तसेच संकलनाचा पुरस्कारही या चित्रपटास लाभला. घरातील मृत्यू आणि त्याभोवतीची हास्यजनक धांदल मराठी रंगभूमीवर ‘महानिर्वाण’ या नाटकातून १९७४ सालीच आली होती. त्याचे लेखक हेच आळेकर.