थरथरीला गेटपास

पनवेलहून उरणच्या रस्त्याला लागलं की द्रोणागिरीच्या इमारतींआधी दिसतात ते ट्रेलर आणि एकावर एक रचलेले कंटेनर. 26 मे 1989 रोजी न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि मिठागरं-भातशेतीच्या या पट्ट्यात सीएफएस, म्हणजे कंटेनर उघडून माल तपासायची गोदामं, उभी राहिली. जहाजातून माल उतरला म्हणजे तो हातात पडला असं नव्हे, हे इथल्या क्लिअरिंग एजंटाला कुणी शिकवावं लागत नाही. कागद जुळले तरच गेटपास. पीसीवर गेम खेळणाऱ्यांच्या कंट्रोलरचं जवळपास तीस वर्षं असंच चालू आहे. थरथरणारी मोटर हातातच असते, अडतं ते विंडोजच्या फाटकावर.

थरथर मुळात आर्केडमधली. सेगाने 1976 मध्ये ‘मोटो-क्रॉस’ नावाचं यंत्र आणलं. पडद्यावर दुसऱ्या गाडीला धडकलं की खेळणाऱ्याच्या हातातलं हँडल हादरायचं. घराघरात ती पोचली 1997 मध्ये. एप्रिलमध्ये निन्टेन्डोने ‘स्टार फॉक्स 64’ सोबत रंबल पॅक विकायला काढला. कंट्रोलरच्या पोटात खोचायचा ठोकळा, आत दोन ट्रिपल-ए सेल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जपानात सोनीचा ड्युअलशॉक कंट्रोलर आला. तो उघडला तर दोन्ही मुठींत एकेक मोटर दिसते. दांड्यावर वजन मुद्दाम एकाच बाजूला बसवलेलं, त्यामुळे फिरताना तोल जातो आणि मूठ हादरते. डावीकडचं वजन मोठं, धक्का जड. उजवीकडचं लहान, थरथर बारीक. सगळी करामत एवढीच.

मायक्रोसॉफ्टनेही 1997 मध्येच पीसीसाठी ‘साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो’ ही जॉयस्टिक आणली. तिच्या मोटरी हाताला विरोध करायच्या, विमानाची दांडी खरंच ओढून धरल्यासारखी. विंडोजवर गेम चालवणाऱ्या, त्याच सुमाराच्या डायरेक्टएक्स 5 मधल्या डायरेक्टइनपुटने मांडलेली फोर्स फीडबॅकची भाषाही अशाच दांडीला शोभणारी होती: स्प्रिंग, घर्षण, सलग जोर. दोन मोटरींच्या स्वस्त पॅडला यातलं बरंचसं जमण्यासारखंच नव्हतं. मग ज्याचा त्याचा ड्रायव्हर.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा तालुक्याच्या कॉम्प्युटरवाल्याकडून 2000 नंतरच्या दशकात यूएसबी पॅड घेतलेल्यांना त्या खोक्यातली तळहाताएवढी सीडी आठवेल. ती हरवली तरी बटणं चालायची, पॅड मात्र ढिम्म. ड्रायव्हर घातला की कंट्रोल पॅनेलमधल्या ‘गेम कंट्रोलर्स’मध्ये थरथर तपासायचा एक टॅब उगवायचा आणि पोरं गेम बाजूला ठेवून तेच बटण दाबत बसायची.

दरम्यान थरथर कुणाच्या मालकीची, हे भांडण कोर्टात गेलं होतं. लुई रोझेनबर्ग यांनी 1993 मध्ये स्थापन केलेल्या इमर्शन या कॅलिफोर्नियातल्या कंपनीकडे स्पर्शतंत्राची पेटंटं होती. तिने 2002 मध्ये सोनी आणि मायक्रोसॉफ्ट दोघांवर दावा ठोकला. मायक्रोसॉफ्टने पुढच्याच वर्षी 2.6 कोटी डॉलर मोजून विषय मिटवला. सोनी लढली, 2004 मध्ये ज्युरीने 8.2 कोटी डॉलरचा दंड ठोठावला. प्लेस्टेशन 3 सोबत आलेल्या सिक्सअॅक्सिस कंट्रोलरमधून थरथर गायबच झाली. सोनीचे अधिकारी सांगत राहिले की हालचाल ओळखणारा सेन्सर आणि थरथर एकत्र नांदणं अवघड आहे, शिवाय थरथर ही मागच्या पिढीची गोष्ट. कोल्ह्याला द्राक्षं आंबट! मार्च 2007 मध्ये समझोता झाला आणि नोव्हेंबरमध्ये थरथरणारा ड्युअलशॉक 3 जपानच्या दुकानांत हजर. भारतात प्लेस्टेशन 3 आला तो नेमका या दोन तारखांच्या मधे, एप्रिल 2007 मध्ये. म्हणजे इथल्या पहिल्या गिऱ्हाइकांच्या नशिबी मुका कंट्रोलर.

पीसीचं कोडं सुटलं 2005 च्या अखेरीस, एक्सबॉक्स 360 सोबत. मायक्रोसॉफ्टच्या एक्सइनपुट या नव्या व्यवस्थेत गेमने फक्त दोन आकडे पाठवायचे: डाव्या मोटरचा वेग, उजव्या मोटरचा वेग, प्रत्येकी 0 ते 65535. सीडी नको, शोधाशोध नको. जुन्या पॅडवाल्यांनी ‘एक्स360सीई’ नावाचा फुकट प्रोग्रॅम वापरून आपलं पॅड एक्सबॉक्सचंच आहे असं गेमला पटवून दिलं. लॉजिटेकने 2010 च्या मालिकेत पॅडवरच ‘एक्स’ आणि ‘डी’ अशी खूण असलेला बारका स्विच दिला. नवी व्यवस्था हवी की जुनी, हे बोटाने ठरवायचं.

एक्सइनपुटने पीसीचं भलं केलं, तसे पायही बांधले. दोन आकड्यांच्या पलीकडे त्याला काही सांगताच येत नाही. 2013 मध्ये एक्सबॉक्स वनच्या ट्रिगरमध्ये आणखी दोन छोट्या मोटरी आल्या, तर एक्सइनपुटमध्ये त्यांना जागाच नव्हती. त्यासाठी विंडोज 10 मध्ये वेगळी व्यवस्था करावी लागली आणि बऱ्याच गेमांनी ती वापरलीच नाही.

नोव्हेंबर 2020 मध्ये आलेल्या सोनीच्या ड्युअलसेन्समध्ये तर फिरणारं वजनच नाही. स्पीकरमध्ये असते तशी कॉइल मुठीत बसवलेली, म्हणून पावसाचा थेंब आणि खडीवरचं पाऊल वेगळं कळतं. केबलने जोडला की पीसीला तो चार चॅनेलचं साउंड कार्ड वाटतो: दोन चॅनेल आवाजाचे, उरलेले दोन तळहाताचे. थरथर इथे आकडा राहिली नाही, ध्वनी झाली. ‘मेट्रो एक्सोडस’च्या 2021 मधल्या नव्या पीसी आवृत्तीने या कंट्रोलरची दखल घेतली, मग इतर गेम आले. त्याच वर्षी लिनक्स 5.12 मध्ये सोनीच्याच अभियंत्याने लिहिलेला ड्रायव्हर दाखल झाला.

ब्लूटूथवर मात्र ते साउंड कार्ड पीसीला दिसत नाही, आणि गेम बहुधा जुन्या दोन मोटरींच्या नकलेवर उतरतो. केबल लावूनही तेच होत असेल, तर पुष्कळदा कारण स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातला ‘स्टीम इनपुट’ हा पर्याय असतो. तो ड्युअलसेन्सला एक्सबॉक्सचं पॅड म्हणून पुढे करतो. त्या गेमपुरता तो पर्याय बंद करायचा आणि गेम पुन्हा सुरू करायचा.