डोंगर कोणाचा, पडदा कोणाचा?

मागच्या महिन्यात चार दिवसांची रजा टाकून बडोद्याला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याला गिर्यारोहणाचे वेड. रात्री जेवणे झाल्यावर त्याने मला बॅन्फच्या महोत्सवातले दोन-तीन लघुपट दाखवले. कॅनडातल्या बॅन्फ या डोंगरी गावात 1976 साली गिर्यारोहकांनी हा महोत्सव सुरू केला. पुढे तो निवडक चित्रपट घेऊन गावोगाव फिरू लागला आणि भारतातही आला. त्याआधी 1952 साली इटलीतल्या त्रेंतो शहरात असा महोत्सव सुरू झाला होता. 2000 साली काठमांडूनेही स्वतःचा पर्वत चित्रपट महोत्सव भरवला.

बहीण म्हणाली, "आमच्या सपाट बडोद्यात डोंगराचे एवढे कौतुक कशाला? आम्हाला पावागड पुरे!"

तिचे म्हणणे हसण्यावारी गेले, पण मला आठवली ती 1924 सालची गोष्ट. त्या वर्षी एव्हरेस्टवर मॅलरी आणि आयर्विन नाहीसे झाले. मोहिमेचे चित्रण करणाऱ्या कॅप्टन जॉन नोएलने त्यावर चित्रपट काढला आणि तो गावोगाव नेला. प्रेक्षकांना तिबेट खराखुरा वाटावा म्हणून त्याने ग्यान्त्सेचे लामाही सोबत आणले. चित्रपटाआधी ते रंगमंचावर वाद्ये वाजवीत, नाचत. ल्हासाच्या सरकारची परवानगी मात्र घेतलेली नव्हती. धर्मविधीचा तमाशा झाला म्हणून तिबेटी संतापले. चित्रपटात एक माणूस मुलाच्या डोक्यातल्या उवा काढून खाताना दाखवला होता, तेही त्यांना झोंबले. मोहिमेविरुद्ध इतर तक्रारीही होत्या. परिणाम असा की एव्हरेस्टची पुढची ब्रिटिश मोहीम थेट 1933 साली निघाली.

डोंगर त्यांचा, पण पडदा दुसऱ्याचा. सगळा घोळ इथेच आहे. काठमांडूच्या महोत्सवाचे मोल मला वाटते ते यासाठी. हिमालयाच्या कुशीतल्या माणसांनी पडदा आपल्या अंगणात आणला.

आणि बडोद्याचे म्हणाल तर ते या गोष्टीला परके नाही. सह्याद्रीत ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रकला शिकले ते सयाजीरावांच्या बडोद्यातल्या कलाभवनात. डोंगराखालचा मुलगा सपाटीवरच्या गावात शिकला आणि 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' घेऊन लोकांसमोर आला. आपल्या गोष्टी आपणच पडद्यावर सांगायच्या हा त्याचा हट्ट होता.

परतीच्या गाडीत मला आमचे घाट आठवत राहिले. 2004 पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो. जगभरच्या डोंगरांचे दर्शन आपल्याला मांडवीकाठी बसून घडते. पण सत्तरीच्या रानातला धनगर, काणकोणचा वेळीप, त्यांची कुमेरी शेती, त्यांची गाणी? त्यांच्यापैकीच कोणी कॅमेरा हाती घेऊन केलेला चित्रपट निदान माझ्या पाहण्यात नाही. तुमच्या पाहण्यात असेल तर जरूर कळवा. मी रजा टाकून बघायला येईन.