रात्रीचे अवेळी खाणे व वजन उतरवणे : चिमूर परिसर

रात्रीचे जेवण आटोपल्यापासून झोप लागेपर्यंत, किंवा मधेच झोपेतून उठून, जे खाल्ले जाते त्याला येथे रात्रीचे अवेळी खाणे म्हटले आहे. वजन उतरवू पाहणाऱ्या माणसाने दिवसभर सांभाळलेला हिशेब बहुधा याच वेळी बिघडतो. ही नोंद चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूर तालुका आणि तेथून ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोलीकडे पसरलेला धानाचा व जंगलाचा पट्टा समोर ठेवून लिहिली आहे. आहारावरचे बहुतेक सल्ले शहरी कार्यालयाच्या दिनक्रमाला धरून दिलेले असतात. पिकाच्या जागलीला जाणारा शेतकरी, चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात किंवा कोळसा खाणीत रात्रपाळी करणारा कामगार, मंडईच्या (इथल्या गावजत्रेच्या) रात्री पहाटेपर्यंत नाटक पाहणारे कुटुंब यांचा विचार त्यांत क्वचितच असतो.

वजन उतरवणे ही या भागातल्या सगळ्यांची गरज नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019–21) महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातल्या सुमारे 23 टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त आढळले आणि सुमारे 21 टक्के स्त्रियांचे प्रमाणापेक्षा कमी. दोन्ही प्रकारच्या बाया एकाच गावात, कधी एकाच घरात असतात. म्हणून सासूला दिलेला सल्ला सुनेला लागू करू नये. भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) 23 च्या वर गेला की जास्त वजन आणि 25 च्या वर गेला की लठ्ठपणा मानतात. कंबरेचा घेर पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावा. आपल्याकडे काट्यापेक्षा टेपवर जास्त भरवसा ठेवावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना प्रसिद्ध केली होती. दोघांचाही बीएमआय 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. हातपाय काटकुळे आणि पोट तेवढे सुटलेले, अशी माणसे चिमूरच्या बाजारपेठेतही पुष्कळ दिसतात. आपण जाड नाही, या समजात ती राहतात.

रात्री खावेसे वाटते यात माणसाच्या मनाचा दुबळेपणा शोधण्याची सवय सोडावी. शरीराच्या घड्याळातच संध्याकाळची भूक असते. अमेरिकेत 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, झोप आणि जेवण यांचा परिणाम वेगळा काढल्यावरही, भूक सकाळी 8 च्या सुमारास सर्वांत कमी आणि रात्री 8 च्या सुमारास सर्वांत जास्त असते असे दिसले. त्यात झोप कमी पडली की भर पडते. 2004 च्या शिकागोतील प्रयोगात 12 निरोगी तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले. पोट भरल्याची खूण देणारे लेप्टिन त्यांच्यात 18 टक्क्यांनी घटले आणि भूक चाळवणारे घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढले. ओढ होती ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची. उलट बाजूने 2022 मध्ये असे दिसले की कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या माणसांनी झोप रोज सव्वा तासाच्या आसपास वाढवली, तेव्हा त्यांचे खाणे दिवसाला सुमारे 270 कॅलरींनी कमी झाले. त्यांना आहाराचा कोणताही सल्ला दिलेला नव्हता. रात्री 10 ला अंथरूण गाठणे हा वजन उतरवण्याचा बिनखर्ची उपाय आहे आणि त्याची सर्वांत जास्त उपेक्षा होते.

दुसरे कारण दिवसाच्या ताटात असते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तेच मुख्य. वजन कमी करायचे ठरवले की माणूस सकाळचे खाणे सोडतो, दुपारी अर्धपोटी उठतो आणि चहावर संध्याकाळ काढतो. रात्री 9 नंतर पोटात कावळे ओरडू लागतात तेव्हा चिवड्याचा डबा उघडला जातो. शेव-फरसाणाच्या 100 ग्रॅममध्ये 500 हून जास्त कॅलरी असतात. वजन हळूहळू उतरावे म्हणून साधारणपणे रोजच्या खाण्यातून 500 कॅलरी कमी करायला सांगतात. म्हणजे मोबाइल पाहता पाहता संपवलेल्या एका वाटीभर शेवेत त्या दिवशीच्या काटकसरीचा निम्मा भाग गेला. दिवसा उपाशी राहून रात्री तुटून पडण्यापेक्षा दुपारी नीट जेवावे.

नीट म्हणजे काय, हे इथल्या ताटावरून सांगता येते. धानपट्ट्यात भाताचा ढीग आणि त्यावर पातळ वरण असे जेवण सर्रास असते. असा भात लवकर पचतो आणि त्यात प्रथिने थोडी, म्हणून तीन-चार तासांत पुन्हा भूक लागते. भात बंद करायची गरज नाही. ढीग अर्धा करावा, वरण घट्ट करावे आणि ताटात एक प्रथिनाचा पदार्थ ठरवून असावा : हरभऱ्याची किंवा वालाची उसळ, झुणका, अंडी, मामा (माजी मालगुजारी) तलावातली मासोळी. अंबाडीची किंवा दुसरी कुठली पालेभाजी आणि जवसाची चटणी घरोघरी असतेच. फक्त चटणीवर तेलाची धार धरू नये, कारण पाच ग्रॅमच्या चमचाभर तेलात 45 कॅलरी असतात. असे जेवण रात्री 8 च्या आत झाले तर 10 पर्यंत खरी भूक लागत नाही. पंचक्रोशीतल्या पुष्कळ गावांत तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना संध्याकाळी होते. तिच्यानंतर लगेच पान मांडण्याचा शिरस्ता घरात पाडला तर वेळ पाळणे सोपे जाते. जैन कुटुंबांतला सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम त्याहून कडक आहे, पण शेतीवाल्या घराला तो झेपणारा नाही.

जागलीची रात्र वेगळी. धान लोंबीवर आले, पुढे हरभरा घाट्यांवर आला, की रानडुकरांपासून राखण करायला लोक रात्र शेतात काढतात. शेती पंपाची वीज रात्री येणार असेल तर ओलितासाठीही जागावे लागते. मचाणावर बसलेल्या माणसाजवळ चहाचा थर्मास, बिस्किटांचा पुडा, खर्ऱ्याची पुडी आणि टॉर्च एवढे हमखास सापडते. घरून 7 ला जेवून निघालेल्या या माणसाला मध्यरात्री भूक लागते ती खरी असते. तिला वाईट सवय म्हणणे अन्यायाचे आहे. त्याने रात्रीचे जेवणच दोन भागांत वाटून घ्यावे. अर्धे घरी, आणि उरलेले (दोन पोळ्या, कोरडा झुणका, जमल्यास उकडलेले अंडे) डब्यात बांधून 11 च्या सुमारास शेतात. त्यानंतर पहाटेपर्यंत पाणी आणि बिनसाखरेचा चहा. साखरेच्या एका लहान चमच्यात 20 कॅलरी; दोन-दोन चमच्यांचे चार कप झाले की 160. रात्रपाळीच्या कामगारालाही हेच लागू पडते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, रात्रपाळीसारखे जागरण करूनही ज्यांनी जेवण दिवसाच घेतले त्यांची रक्तातली साखर ताळ्यावर राहिली. रात्री जेवणाऱ्यांची वाढली. पाळीवर जाण्यापूर्वी पोटभर जेवावे आणि मध्यरात्र ते पहाटे 5 या वेळेत शक्यतो खाऊ नये. जेवणानंतर शतपावली सगळेच सुचवतात. ताडोब्याच्या कडेच्या गावांत मात्र वाघांमुळे अंधारात गावाबाहेर चालायला जाणे जिवावर बेतू शकते, तेव्हा ती अंगणातच घालावी. ओसरी ते तुळशीवृंदावन अशा पंधरा मिनिटांच्या फेऱ्याही उपयोगाच्या असतात.

दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टी रंगभूमीचा, म्हणजे या पट्ट्यातल्या गावोगावच्या नाटकांचा, हंगाम असतो. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, दिवसा मंडई किंवा शंकरपट (बैलांची शर्यत), रात्री नाटक. पडदा रात्री उशिरा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. थंडीचे दिवस, घरात पाहुणे, संध्याकाळी मटणाचा रस्सा, आणि मंडपाच्या तोंडाशी भज्यांची कढई. अंक संपला की माणसे शाली सावरत तिच्याभोवती गोळा होतात. झाऱ्यातून निथळलेले आलूबोंडे कागदावर पडतात, कागद तेलाने पारदर्शक होतो, बाजूला तळलेली मिरची आणि वाफाळता चहा. अशा ठिकाणी हात बांधून बसा असे सांगणे माणुसकीला धरून नाही, आणि ते कुणी पाळणारही नाही. आपल्या गावच्या मंडईची रात्र मोकळी सोडावी. हिशेब ठेवायचा तो शेजारच्या गावांच्या आमंत्रणांचा, कारण हंगामभर ती येतच राहतात. तिथे घरून जेवून जावे, एक आलूबोंडा चहाबरोबर खावा आणि पुढे टरफलाच्या शेंगा घेऊन बसावे. सोलायला वेळ लागतो, त्यामुळे शेंगदाणे कमी खाल्ले जातात. चिमूरची माघातली घोडायात्रा आणि महाशिवरात्रीला मार्कंडादेवची जत्रा यांनाही हाच न्याय. महाशिवरात्रीला उपवासाच्या नावाखाली तुपातली साबुदाणा खिचडी आणि तळलेले वेफर रात्री उशिरा खाल्ले, तर ते नेहमीच्या जेवणापेक्षा जडच पडते.

खर्ऱ्याबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला खर्रा खाल्ला की भूक मरते, असे इथे उघड सांगितले जाते. निकोटिनने भूक काही काळ दबते हे खरेच आहे. पण रात्रीचे खाणे टाळायला खर्रा धरणे म्हणजे चार किलोंसाठी तोंडाचा कर्करोग ओढवून घेणे. खर्रा सोडल्यावर थोडे वजन वाढले तरी तो सोडावाच. गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था आणि शासन यांच्या सहभागाने 2016 पासून चाललेला मुक्तिपथ कार्यक्रम गावपातळीवर दारू आणि तंबाखू सोडवण्याचे काम करतो. दारूचा हिशेबही रात्रीच्या खाण्यातच धरावा. अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये 7 कॅलरी असतात, शिवाय चखना म्हणून शेंगदाणे, शेव, तळलेले मटण पोटात जाते आणि किती खाल्ले याचे भान राहत नाही. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती 2015 मध्ये लागू झाली आणि 2021 मध्ये उठली.

महाराष्ट्रात रात्रीच्या खाण्यावर मोठा परिणाम घडवला तो दोन वेळाच जेवण्याच्या पद्धतीने. नागपूर जिल्ह्यातील काटोलकडचे डॉ. श्रीकांत जिचकर (1954–2004) यांनी व्याख्यानांतून ती मांडली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लातूरहून तिची लोकचळवळ केली. खरी भूक लागते त्या दोनच वेळा ओळखाव्यात, जेवण 55 मिनिटांत संपवावे आणि मधल्या वेळेत काहीही खाऊ नये, असा तिचा गाभा. तिचे समर्थक इन्सुलिनचे स्पष्टीकरण देतात. अनेकांना आलेला गुण मात्र साध्या कारणानेही समजतो : नियम एकच, त्यात तडजोडीला जागा नाही आणि रात्री 9 नंतर स्वयंपाकघर आपोआप बंद होते. चीनमधील 139 लठ्ठ व्यक्तींवरचा वर्षभराचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. कॅलरी दोन्ही गटांना सारख्याच कमी दिल्या होत्या. सकाळी 8 ते दुपारी 4 या वेळेतच खाणाऱ्यांचे वजन सरासरी 8 किलोंनी आणि वेळेचे बंधन नसलेल्यांचे 6.3 किलोंनी उतरले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता. घड्याळाचा उपयोग खाणे कमी करण्यापुरता. खाणे तेवढेच राहिले तर घड्याळ एकटे फार काही करत नाही. दोन जेवणांत न भागणाऱ्या कष्टकऱ्याने तीन जेवणे घ्यावीत, त्यात काही कमीपणा नाही.

घरात करण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत. फरसाणाची मोठी पाकिटे आणूच नयेत. आठवडी बाजारातून आणायचीच तर लहान पुडी आणावी आणि एका बैठकीत सर्वांनी वाटून खावी. रात्री खावेसे वाटले तर आधी पाणी किंवा पातळ ताक पिऊन दहा मिनिटे थांबावे. भूक तरीही टिकली तर मूठभर फुटाणे (30 ग्रॅममध्ये सुमारे 110 कॅलरी आणि 6 ग्रॅम प्रथिने) किंवा एक पेरू खावा. मुलांच्या ताटातले उरलेले वाया जाऊ नये म्हणून आई खाते. अनेक घरांत बाईचे वजन वाढण्यामागे हे न मोजलेले घास असतात. भात अंदाजाने कमी रांधणे हा त्यावरचा उपाय, आणि घरच्या पुरुषांनी ताट वाढून घेताना तो मनावर घेतला पाहिजे.

काही वेळा हे खाणे सवयीच्या पलीकडचे असते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी 1955 मध्ये रात्रभोजन विकाराचे पहिले वर्णन केले. दिवसाच्या एकूण खाण्यातला चौथा हिस्सा किंवा अधिक रात्रीच्या जेवणानंतर जाणे, आठवड्यातून दोन किंवा अधिक वेळा झोपेतून उठून खाणे, सकाळी अन्नावर वासना नसणे आणि झोप व मन दोन्ही बिघडणे ही त्याची लक्षणे. झोपेच्या काही गोळ्यांनी माणूस अर्धवट झोपेत खातो आणि सकाळी त्याला ते आठवत नाही. अशा वेळी डॉक्टरांकडे जावे. वारंवार लघवीला उठणे, तहान आणि न थांबणारी भूक एकत्र असतील तर साखर तपासून घ्यावी. तिशीपुढच्यांची ही तपासणी गावपातळीवरच्या आरोग्य केंद्रात होते, पुढच्या उपचाराला चिमूरचे उपजिल्हा रुग्णालय आहे.

इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता रात्रीचे खाणे तोडू नये. झोपेत साखर खाली जाऊन बेशुद्धी येऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी वजन उतरवण्याच्या मागे लागू नये. आणि या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. पाणी कमी पडले की त्यांच्यात तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो, म्हणून पाण्याशिवायचे उपवास त्यांनी कोणत्याही कारणाने करू नयेत, आणि रात्री उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवावा.